स्टार स्क्रूचा व्हरांडा

कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा बाबा व्हरांड्यात उन्हाला पाय सोडून लसूण सोलत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. २०२२च्या मे महिन्यातली गोष्ट. दोन वर्षं बंद असलेल्या सीमा उघडल्यावर ते सहा महिन्यांसाठी मेलबर्नला आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा घराचा एकेक सांधा तपासून झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्याच्या घरातही त्यांची नजर आधी ओलीकडे आणि मग गटाराच्या उताराकडे जाते.

पत्र दोन पानी, सोबत नकाशा. नकाशात आमच्या गल्लीवर गुलाबी पट्टा ओढलेला. तीसेक घरांची ही गल्ली प्रस्तावित ‘हेरिटेज ओव्हरले’मध्ये, म्हणजे वारसा म्हणून जपायच्या पट्ट्यात, येणार होती आणि आमचं घर त्यात ‘कॉन्ट्रिब्युटरी’, म्हणजे परिसराच्या महत्त्वात भर घालणारं, ठरलं होतं. नवऱ्यानं ते उभ्याउभ्याच वाचलं.

“संपलं. वरचा मजला गेला. आता खिळा ठोकायचा तरी अर्ज करायचा.”

बाबांनी चष्मा पुसला, पत्र हातात घेतलं आणि मजकूर न वाचता थेट शेवटच्या परिच्छेदावर गेले. “मुदत कधीपर्यंत आहे ते बघ आधी. मजकूर कुठे पळून जात नाही.”

मुदत जवळपास सहा आठवडे होती. कायद्यानं निदान एक महिना द्यावाच लागतो. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. “आपल्याकडेही असंच. १९६६चा नगररचना अधिनियम. आराखडा प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची. फक्त इथे पत्र घरी येतं. आपल्याकडे राजपत्रात आणि कुणी न वाचणाऱ्या पेपरात जाहिरात येते.”

इथल्या पद्धतीची दोन दालनं आहेत, आणि आमच्यासारखे बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगसारख्या मातब्बर वास्तू राज्याच्या नोंदवहीत असतात, त्यासाठी २०१७चा हेरिटेज कायदा आहे. पण रस्त्याच्या कोपऱ्यावरची बेकरी, फळ्यांच्या भिंतींची जुनी घरं, एखादी शाळा, हे सगळं स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत. प्रत्येक कौन्सिलची स्वतःची प्लॅनिंग स्कीम, म्हणजे कुठे काय बांधता येईल याची नियमावली, असते, तिला १९८७च्या कायद्याचा आधार, आणि जपायच्या जागांवर त्या स्कीममध्ये ओव्हरले चढवतात. प्रत्येक जागेला ‘एचओ’ आणि पुढे आकडा. ओव्हरले लागला की पाडणं, नवीन बांधणं, बाहेरून बदल करणं, पुढचं कुंपण घालणं, एवढंच काय पण कधीच न रंगवलेल्या विटेवर रंग देणं, याला परवाना लागतो. डागडुजीला लागत नाही. आणि आत काय करता याच्याशी सहसा कुणाला देणंघेणं नसतं. परिशिष्टात आमच्या गल्लीपुढच्या ‘अंतर्गत बदलांवर नियंत्रण’ या रकान्यात ‘नाही’ होतं. नवऱ्याचा श्वास तिथे जरा खाली बसला.

आमचा हेतू काही थोर नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आम्हाला यादीतून बाहेर पडायचं होतं. मुलं मोठी होत होती आणि रेखाटनात वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून तयार होत्या. इकडे कॉफीच्या रांगेत सगळे सांगत होते की ओव्हरले लागला की घराची किंमत पडते. मग बाबांनी सुचवलेली वाट धरली: आधी त्यांचाच कागद नीट वाचायचा.

प्रत्येक यादीमागे एक हेरिटेज स्टडी असतो. कौन्सिल सल्लागार नेमतं, सल्लागार आधी त्या भागाचा विषयवार इतिहास लिहितो, मग गल्ल्या फिरतो, आणि जागा निवडून प्रत्येकीचं एक ‘स्टेटमेंट ऑफ सिग्निफिकन्स’ तयार करतो. त्याला तीनच प्रश्न असतात: काय महत्त्वाचं आहे, कोणत्या अर्थानं, आणि का. ‘का’ला उत्तर देताना ए पासून एच पर्यंत आठ निकष. ए म्हणजे इतिहास, बी दुर्मीळपणा, डी म्हणजे एका प्रकारच्या वास्तूंचा चांगला नमुना, ई सौंदर्य, जी म्हणजे एखाद्या समाजाचा त्या जागेशी असलेला जिव्हाळा, आणि असंच पुढे. आमची गल्ली ए आणि डी वर पास झाली होती. १९०० ते १९३० या काळातली मध्यमवर्गीय, कामगारवर्गीय लाकडी घरं, बऱ्यापैकी शाबूत.

आमच्या घराबद्दल दोन ओळी होत्या. बांधकाम साधारण १९१०. ‘मूळ लाकडी खांब आणि जाळीदार नक्षीसह शाबूत व्हरांडा’ हे विशेष.

बाबांनी ‘मूळ’ या शब्दावर बोट ठेवलं. बोलले काहीच नाहीत. आत जाऊन माझं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावर चढले, आणि खांबाच्या माथ्याशी जिथे नक्षीचं लाकूड बसवलंय तिथला रंग नखानं खरवडला. पापुद्रा निघाला. खाली एका स्क्रूचं डोकं दिसलं. त्यावर फुली होती.

“स्टार स्क्रू,” बाबा म्हणाले. “१९१०ला कुठला आला स्टार स्क्रू?”

फुलीवाला फिलिप्स स्क्रू बाजारात आला तोच १९३०च्या दशकात. त्याआधी सगळे एका चिरेचे. बाबांनी आणखी तीन ठिकाणी खरवडलं, तीनही ठिकाणी तेच. खांब खालून वाकून पाहिले तर लाकडावर यंत्राच्या कापाच्या सारख्या रेघा, आणि एकावर रंगाखाली दबलेला लाकूडवखारीचा बारकोड असलेला कागद. ज्यांनी घर आम्हाला विकलं, त्यांच्या आधीच्या कुणीतरी, कदाचित नव्वदीच्या दशकात, मोडलेला व्हरांडा काढून त्या काळचा वाटावा असा नवा बसवला होता. काम सुबक होतं. इतकं सुबक की रस्त्यावरून पाहणारा सल्लागारही फसला. हा अभ्यास फुटपाथवरूनच करतात, आत यायची गरज नसते आणि परवानगीही नसते. ती गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती.

आता आम्हाला चेव आला. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून मी नॉर्थ मेलबर्नच्या राज्य अभिलेखागारात जाऊन कर-आकारणीची पुस्तकं उघडली. जुन्या सँड्स अँड मॅकडुगल निर्देशिका राज्य ग्रंथालयात आहेत, काही त्याच्या संकेतस्थळावरही, त्यात गल्लीवार घर आणि राहणाऱ्याचं नाव, दरवर्षी, १९७४ पर्यंत. या निर्देशिकांची एक नशा आहे. आपल्या दारातून कोण कोण गेलं ते वर्षागणिक सरकत जातं. आमच्या क्रमांकाला १९१२ साली ‘रिकामं’, १९१३ साली ‘रिकामं’, १९१४ साली एक नाव. म्हणजे घर १९१०चं नव्हे, १९१४चं. कर-पुस्तकात त्याच्यापुढे व्यवसाय लिहिलेला: गाडीवान. दोन वर्षांनी त्याच पत्त्यावर फक्त बाईचं नाव. १९१६. काय झालं असेल ते पुस्तकात नव्हतं, पण मी ते पान बराच वेळ बंद केलं नाही. १९४५चे विमानातून घेतलेले शहराचे फोटोही आता घरबसल्या पाहता येतात, त्यात आमचं छप्पर एक राखाडी चौकोन आहे, मागे एक मोठं झाड. ते झाड आता नाही.

सगळं जमवून बाबांनी कच्चा मसुदा मराठीत सांगितला आणि मी इंग्रजीत केला. त्यांची शिस्त कडक होती. “एका मुद्द्याला एक परिच्छेद. विशेषणं नकोत. ‘अन्याय’ शब्द आला की सुनावणीवाला पुढे वाचत नाही.” किमतीचा मुद्दा त्यांनी खोडायला लावला. नंतर कळलं, ते बरोबरच होते. एकट्यादुकट्या मालकाच्या किमतीवरचा परिणाम या टप्प्यावर धरतच नाहीत, समाजावरच्या एकंदर परिणामाचा विचार करतात. घर मोडकळीला आलंय हाही मुद्दा चालत नाही. प्रश्न एवढाच असतो की जागेला महत्त्व आहे की नाही. बाकीचं पुढे परवान्याच्या वेळी.

या धांदलीत एका संध्याकाळी याया आल्या.

याया म्हणजे ग्रीक भाषेत आजी. आमची मुलं शेजारच्या आजींना तसंच म्हणतात, आणि मग आम्हीही. त्या १९६०च्या दशकात ग्रीसहून नवऱ्याबरोबर आल्या, नवरा मोटारींच्या कारखान्यात लागला. त्यांचं घर आमच्याच वर्षाचं, आमच्याच सुताराचं असावं असं, जुळ्या भावासारखं. पण तुम्ही ते ओळखणार नाही. १९६९ साली त्यांच्या नवऱ्यानं शनिवार-रविवार खपून लाकडी फळ्यांवर विटांची भिंत चढवली, लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या लावल्या, आणि व्हरांडा पाडून सिमेंटचे गोल खांब, तीन कमानी आणि चकचकीत फरशी घातली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन सिंह. एका सिंहाचा कान तुटलाय, तो माझ्या धाकट्याच्या स्कूटरनं. त्या फरशीच्या कडेला पितळी पट्टी आहे, ती याया दर शनिवारी व्हिनेगर लावून घासतात.

त्यांच्या हातात तेच पत्र. त्यांच्या घरापुढे लिहिलं होतं ‘नॉन-कॉन्ट्रिब्युटरी’.

“कोरी मू,” म्हणजे पोरी, “नॉन म्हणजे नाही?”

“हो.”

“काय नाही?”

मी शब्द शोधत राहिले. “म्हणजे, परिसराच्या जुनेपणात तुमचं घर धरलेलं नाही.”

“मग पाडणार?”

“नाही, नाही. पाडायचं असेल तर परवाना सहज मिळेल, एवढंच.”

“कोण पाडणार?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. दोघांची सामाईक भाषा शून्य, पण बाबा त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले आणि कमानीखाली उभे राहून सिमेंटवर टिचक्या मारून आले. “पक्कं काम,” म्हणाले. “कमानीला एक तडा नाही. स्वतः केलंय म्हणतेस? मग त्या माणसाला कुणीतरी शिकवलेलं होतं.”

आणि इथे आमच्या हरकतीतली गंमत माझ्या लक्षात आली, ती गंमत राहिली नाही. आमचा व्हरांडा नकली, पण १९१४चा वाटतो म्हणून यादीत. त्यांचा व्हरांडा अस्सल, १९६९चा, ज्याच्या हातानं झाला त्याचं नाव ठाऊक, आणि तो बाद. उत्तर मेलबर्नमधल्या ब्रन्सविक, नॉर्थकोट, प्रेस्टन या पट्ट्यात ग्रीक-इटालियन लोकांनी असे शेकडो व्हरांडे बांधले. त्या काळाचा इतिहास सांगायचा तर तेच सांगायला हवेत. मी मसुद्यात एक परिच्छेद वाढवला.

यायांचा मुलगा दुसऱ्या दिवशी भेटायला आला. सभ्य माणूस, पण स्पष्ट. आईचं घर बाद ठरलंय तेच बरं आहे, जागा विकताना दोन युनिट बांधता येतील, कृपा करून तुमच्या पत्रात आमचा पत्ता घालू नका. त्याचंही खोटं नव्हतं. मी पत्ता काढला, प्रश्न ठेवला: युद्धानंतरच्या स्थलांतरितांनी केलेले बदल हा या भागाच्या इतिहासाचा विषय आहे की फक्त ‘विसंगत बदल’?

पत्राला उत्तर आलं ते बैठकीचं. कौन्सिलची हेरिटेज सल्लागार तरुण मुलगी, कागद वाचून आलेली. स्क्रूचे फोटो पाहून ती हसली आणि वर्ष दुरुस्त करायला लगेच कबूल झाली. पण वर्गवारी बदलणार नाही म्हणाली. “काळजीपूर्वक केलेली पुनर्रचना परिसराच्या वाचनात व्यत्यय आणत नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. बाबांना मराठीत सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे खोटं चालतं, वेगळं चालत नाही.” थोडा अन्याय होता त्यात, पण थोडाच.

मला तिची बाजूही कळत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला कोपऱ्यावर एक सुंदर घर होतं, रंगीत काचेच्या खिडकीचं. अभ्यास चालू असतानाच मालकानं पाडायला अर्ज केला. असा अर्ज आला की कौन्सिलला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात राज्याच्या नियोजन मंत्र्यांकडून तात्पुरता ओव्हरले आणता येतो. आमच्या बाबतीत तो आला तोवर घराच्या जागी मातीचा चौकोन होता. आणि ओव्हरले असला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये कार्लटनमधला कॉर्कमन हा १८५०च्या दशकातला पब ओव्हरले असतानाही परवान्याशिवाय एका शनिवार-रविवारी जमीनदोस्त झाला. पुढे खटले चालले, दंड झाले. पब काही परत आला नाही.

हरकतदार एवढे होते की कौन्सिलनं सगळं प्रकरण पॅनेलकडे पाठवलं. पॅनेल म्हणजे राज्यानं नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. ते ऐकतात आणि शिफारस करतात, निर्णय त्यांचा नसतो. कौन्सिलनं शिफारस मानायची की नाही ते कौन्सिल ठरवतं, आणि शेवटचा शब्द मंत्र्यांचा. वकील लागत नाही. आधी एक छोटी बैठक होते, त्यात कुणाला किती वेळ ते ठरतं. मला वीस मिनिटं मिळाली. तोपर्यंत बाबा परत गेले होते. जाताना एका फाइलवर त्यांनी मार्करनं ‘हरकत’ असं देवनागरीत लिहून ठेवलं होतं, ती फाइल अजून तशीच आहे.

सुनावणी २०२३च्या मार्चमध्ये, संगणकावर. मी जेवणाच्या टेबलाशी, आणि शेजारी, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, याया. मी बोलावलं नव्हतं, त्या बदामाची बिस्किटं घेऊन आपणहून आल्या. सुरुवातीला रीतीप्रमाणे अध्यक्षांनी या भूमीच्या मूळ रहिवाशांचा, वुरुंजेरी लोकांचा उल्लेख केला. मग आम्ही साडेतीन तास १९१४च्या व्हरांड्यांवर बोललो. यातला विरोधाभास तिथे कुणाला जाणवला की नाही, माहीत नाही, मला जाणवला.

माझी पाळी आल्यावर मी वर्षाचा आणि स्क्रूचा मुद्दा दोन मिनिटांत संपवला. हरकतदाराला कौन्सिलच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारता येतात, तेव्हा मी विचारलं, “या अभ्यासात जी निकष, समाजाचा जिव्हाळा, तपासला होता का?”

“या परिसरासाठी नाही.”

“का?”

“त्यासाठी वेगळी पद्धत लागते. लोकांशी बोलावं लागतं. आमच्या कामाची व्याप्ती इमारतींपुरती होती.”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. यायांनी कुजबुजत विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “लोकांशी बोलायचं त्यांच्या कामात नव्हतं.” यायांनी मान हलवली आणि एक बिस्किट माझ्या कीबोर्डजवळ सरकवलं. पर्समधून त्यांनी एक फोटो काढून ठेवला होता, कमानीचा लाकडी साचा उभा आहे, नवरा बनियनवर, हातात थापी. तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला नाही, मीही सुचवलं नाही. मुलाला शब्द दिला होता.

अहवाल दोनेक महिन्यांनी आला. आमच्या घराला सव्वा पान. वर्ष १९१४ करा. ‘मूळ’ हा शब्द काढा, ‘नंतरच्या काळात पुनर्रचित’ लिहा. घर कॉन्ट्रिब्युटरीच राहू द्या. स्थलांतरितांच्या बदलांबद्दल एक परिच्छेद: मुद्दा दखल घेण्याजोगा आहे, पण प्लॅनिंग स्कीमच्या या दुरुस्तीच्या कक्षेबाहेरचा, कौन्सिलनं पुढे स्वतंत्र अभ्यासाचा विचार करावा. बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. “कक्षेबाहेर” ऐकून ते मनापासून हसले. तो शब्द त्यांनी स्वतः हजारदा लिहिला असणार.

कौन्सिलनं शिफारशी मान्य केल्या, मंत्र्यांची सही झाली आणि वर्षाअखेर राजपत्रात चार ओळी आल्या. स्वतंत्र अभ्यासाचं काय झालं, मी दर सहा महिन्यांनी ईमेल करून विचारते. ‘पुढील अंदाजपत्रकात विचाराधीन’ असं उत्तर येतं.

वरचा मजला मिळाला, पण मागे सरकून. समोरच्या फुटपाथवर उभ्या माणसाच्या डोळ्यापासून आमच्या कौलांच्या कण्यावरून वास्तुरचनाकारानं एक रेघ ओढली, तिच्या खाली राहील तेवढंच बांधायचं. त्यामुळे खोल्या दोन झाल्या, पण एक तिरकी आहे. शेजाऱ्यांना नोटीस जाते तेव्हा याया ती घेऊन आल्या, म्हणाल्या, लिंबाच्या झाडावर सावली पडणार नाही ना? नाही पडत. परवा मुलगा जमीन मोजणाऱ्याला घेऊन आला होता. याया तेव्हा फरशीची पट्टी घासत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या व्हरांड्याच्या नक्षीचा एक तुकडा कुजून सुटला. डागडुजीला परवाना नको, पण आकार, लाकूड, तपशील, सगळं होतं तसंच हवं. सुतार आला, शिडीवर चढला, सुटलेला तुकडा उलटापालटा करून पाहिला. भला माणूस, जुन्या घरांची कामं करणारा. म्हणाला, त्याच्याकडे एका चिरेचे जुने स्क्रू डबाभर आहेत, अशा घरांसाठी जमवून ठेवलेले, ते लावू का?

मी म्हटलं, “नको. कागदावर आहे तसंच ठेवायचंय. स्टारच लावा.”